टँक बंड, मत्तडी आणि दीड फुटांची भिंत

हैदराबादेत पाहुणे आले की संध्याकाळी त्यांना टँक बंडला न्यायचं, ही आमच्या मराठी घरांतली जुनी रीत. लहानपणी काचीगुड्याहून आम्ही रिक्षानं जायचो, भाजलेली कणसं खायचो, पाण्यावरचा वारा घ्यायचो आणि परत यायचो. या नावाचा अर्थ काय, हे मात्र स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत कधी मनातच आलं नाही. मातीची धरणं शिकवायला घेताना सरांनी विचारलं, “टँक बंड किती जणांनी पाहिलाय?” सगळ्यांनी हात वर केले. “आणि मातीचं धरण?” एकही हात वर गेला नाही. सर नुसते हसले आणि फळ्याकडे वळले.

टँक म्हणजे तलाव, बंड म्हणजे बांध. हुसेनसागर अडवणाऱ्या मातीच्या धरणावर आपण रोज फिरायला जातो, आणि त्याचं नावही धरणच आहे. खालच्या अंगाला समांतर जाणाऱ्या रस्त्याला लोअर टँक बंड म्हणतात. तिथं उभं राहिलं तर तलाव दिसत नाही, नुसता बांधाचा उतार दिसतो. पाणी डोक्याच्या वर आहे, हे त्या रस्त्याच्या नावातच आहे.

आपल्या मंडळात वाडे, देवळं, घराणी, ग्रंथालयं यांच्यावर पुष्कळ टिपणं वाचली गेली. बांधांवर फारशी नाहीत. नोकरीची बरीच वर्षं मी माती आणि पाणी यांतच काढली, इतिहास मागाहून आपला आपण वाचला. त्यामुळे हे टिपण थोडं अभियंत्याचं, थोडं हौशी इतिहासकाराचं आहे. शेवटी माझ्या स्वतःच्या एका चुकीची हकीकतही आहे. ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

शहराच्या आधीचा तलाव

हुसेनसागर हैदराबादपेक्षा जुना आहे. कुतुबशाहीची राजधानी गोवळकोंड्याला होती तेव्हा, इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास हुसेनशाह वली यांच्या देखरेखीखाली हा बांध घातला गेला. हैदराबाद वसलं १५९१ साली. म्हणजे आधी पाणी, मग शहर. पुढं १८०६ मध्ये तलावाच्या उत्तरेला इंग्रजांच्या छावणीभोवती सिकंदराबाद उभं राहिलं आणि हा बांध दोन शहरांना जोडणारा रस्ता झाला.

तलावाचं मूळ काम पाणी पुरवण्याचं. विसाव्या शतकात उस्मानसागरचं पाणी शहराला मिळू लागल्यावर हुसेनसागरची पिण्यासाठी गरज उरली नाही. १९४६ मध्ये सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना बांधावरचा रस्ता रुंद झाला. १९८० च्या दशकात एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना बांधावर तेलुगू थोरांचे पुतळे बसले, १९९२ मध्ये पाण्यात बुद्ध उभा राहिला, १९९८ मध्ये पश्चिम काठावर नेकलेस रोड झाला. बोटी आल्या, बागा आल्या. चारशे वर्षं कामाचा असलेला तलाव करमणुकीचा झाला.

यात वाईट काही नाही. शहराला मोकळी हवा हवीच. फक्त एक गोष्ट होते. शेतकऱ्याचं किंवा पाणी खात्याचं बांधाकडे लक्ष असतं, कारण त्याचं पोट त्या पाण्यावर असतं. फिरायला येणाऱ्याचं लक्ष पाण्याकडे असतं, बांधाकडे नसतं.

कट्टा, तूमु आणि मत्तडी

तेलंगणात गावोगावी मातीचे तलाव आहेत, काही काकतीयांच्या काळापासूनचे. तलावाला चेरुवु म्हणतात, लहान असेल तर कुंटा. बांधाला कट्टा. शेतात पाणी सोडायच्या दाराला तूमु. आणि जादा पाणी जाण्यासाठी बांधाच्या एका टोकाला, माथ्यापेक्षा खाली, दगडी उंबरठा असतो, ती मत्तडी. मराठीत आपण त्याला सांडवा म्हणतो. तलाव भरून मत्तडीवरून पाणी पडायला लागलं की खेड्यात ‘मत्तडी दुंकिंदी’ म्हणतात, म्हणजे मत्तडीनं उडी घेतली. ती आनंदाची बातमी. एका तलावाच्या मत्तडीचं पाणी ओढ्यानं खालच्या तलावात, तिथलं त्याच्या खालच्यात, अशी साखळी असते.

मातीच्या बांधाला पाण्याचा दाब सहज सोसतो. तो रुंद असतो, जड असतो. पाणी थोडं पाझरलं तरी त्यानं बिघडत नाही. स्वच्छ पाझर चालतो, गढूळ पाझर आला की मात्र धावावं, कारण मग पाण्याबरोबर आतली माती बाहेर येत असते. त्याला खरोखर सोसत नाही ते माथ्यावरून जाणारं पाणी. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते काही काळ तग धरू शकतं. मातीच्या बांधावरून हातभर पाणी गेलं तर खालच्या उताराला घळ पडते, घळ मागं सरकत माथ्यापर्यंत येते आणि मग तासाभराचा प्रश्न उरतो. म्हणून मातीच्या बांधाचा जीव मत्तडीत असतो.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक कट्ट्यावर कट्टा मैसम्माचं ठाणं असतं. ती बांध राखणारी देवी. तूमु उघडणारा-मिटणारा आणि पावसाळी रात्री कट्ट्यावर फेरी मारणारा माणूस म्हणजे नीरडी. आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा, पण बांधाची राखणही त्याच्याकडेच. हैदराबादेत लोअर टँक बंडला कट्टा मैसम्माचं देऊळ अजून गजबजलेलं असतं. नीरडी मात्र शहरातल्या तलावांवरून नाहीसा झाला.

तुग्यानी

आमच्या घरात आजीच्या सासूबाई वय सांगताना साल सांगत नसत. “तुग्यानीच्या वेळी मी परकरात होते,” म्हणत. तुग्यानी म्हणजे १९०८ चा मुसी नदीचा महापूर. जुन्या हैदराबादेत सगळे, मराठी-तेलुगूसुद्धा, हाच उर्दू शब्द वापरत.

सप्टेंबर १९०८ च्या शेवटी मुसीच्या खोऱ्यात अतोनात पाऊस झाला. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच. २८ सप्टेंबरला पाणी शहरात शिरलं. अफझलगंज, घांसीबाजार, कोलसावाडी हे भाग बुडाले. नदीवरचे तीन पूल मोडले, १५७८ सालचा पुराना पूल तेवढा टिकला. मृतांचा आकडा साधारण १५,००० सांगतात. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांनी त्या एका पुरात आई, पत्नी आणि मुलगी गमावली. आजच्या उस्मानिया इस्पितळाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर दीडशेच्या आसपास माणसं चढून वाचली. ते झाड आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

निजाम सरकारनं या पुराच्या अभ्यासासाठी विश्वेश्वरय्यांना बोलावलं. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजचे विद्यार्थी, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक-पुण्याकडे बरीच वर्षं काम केलेले, खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारं बसवलेले. नुकतेच निवृत्त झाले होते. १९०९ मध्ये ते हैदराबादेत आले आणि त्यांनी खोरं मोजायला घेतलं.

त्यांच्या पाहणीतले आकडे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. शहराच्या वरच्या अंगाला मुसीचं खोरं सुमारे ८६२ चौरस मैलांचं. त्यात ७८८ तलाव. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांतले २२१ फुटले. १८२ एकट्या ईसी नदीच्या खोऱ्यात, ३९ मूळ मुसीच्या. पुराचा सर्वोच्च प्रवाह त्यांनी ४,२५,००० घनफूट प्रति सेकंद धरला.

पाऊस तर भयंकर होताच. पण साखळीतला वरचा एक तलाव फुटला की त्याचं सगळं पाणी एकदम खालच्यात येतं. खालच्याची मत्तडी पावसाच्या हिशेबानं बांधलेली असते, वरच्या तलावाच्या हिशेबानं नाही. म्हणून तोही फुटतो. एकेक कट्टा पाहिला तर क्षुल्लक, दहा-पंधरा फुटांचा. पण ते एकामागून एक फुटत आले की नदीला पुरावर पूर येतो.

विश्वेश्वरय्यांचा उपाय आपल्याला माहीतच आहे: पूर अडवण्यासाठी वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. शाळेच्या पुस्तकात हे दोन जलाशय येतात. ते २२१ बांध येत नाहीत.

करमणुकीसाठी ठेवलेला बांध

आता थोडं लांब जातो. करमणुकीच्या तलावाचा बांध कसा बिघडतो, याचं जगातलं सर्वांत नोंदलेलं उदाहरण अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे, आणि पुढं सांगायच्या माझ्या चुकीशी त्याचं नातं आहे.

तिथं साऊथ फोर्क नावाच्या ओढ्यावर राज्य सरकारनं कालव्याला पाणी पुरवण्यासाठी मातीचा बांध घातला. आपल्या कट्ट्यांपेक्षा बराच मोठा, ७२ फूट उंच, ९०० फुटांहून लांब. तो पुरा होईतो रेल्वे आली आणि कालव्याचं कामच संपलं. बांध विकला गेला. १८६२ मध्ये तो एकदा थोडा फुटला, पण तलावात पाणी कमी असल्यानं निभावलं. पुढच्या एका मालकानं तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये बेंजामिन रफ या गृहस्थानं तो घेऊन पिट्सबर्गच्या श्रीमंतांसाठी मासेमारी आणि शिकारीचा क्लब काढला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन हे त्याचे सभासद.

क्लबनं बांध दुरुस्त केला तो माती, झुडपं, गवत, शेण असं जे हाताशी होतं ते टाकून. तळाचे नळ परत बसवले नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फुटांनी खाली आणून रुंद केला. तलावात सोडलेले महागाचे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडावर लोखंडी जाळ्या लावल्या. तिन्ही गोष्टी सोयीच्या होत्या. एकही गोष्ट बांध फोडण्यासाठी केलेली नव्हती.

खाली १४ मैलांवर जॉन्सटाउन हे पोलादाचं गाव. तिथल्या कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना धास्ती वाटली. त्यांनी १८८० मध्ये जॉन फुल्टन या अभियंत्याला पाहणीला पाठवलं. फुल्टननं लिहून दिलं की तळातून पाणी सोडायची सोय नाही आणि दुरुस्ती कच्ची आहे. रफनं उत्तर पाठवलं की तुम्हाला आमच्यापासून कसलाही धोका नाही. मॉरेलनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायची तयारी दाखवली, तीही नाकारली गेली.

३१ मे १८८९ ला रात्रभराच्या पावसानं तलाव काठोकाठ आला. सांडव्याच्या जाळ्यांत काटक्या-कचरा अडकला. क्लबच्या लोकांनी माथ्यावर माती ओढली, दुसऱ्या टोकाला नवा चर खणायला घेतला. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून खालच्या गावात निरोप द्यायला धावला. तारेनं निरोप पुढं गेलेही, पण बांध फुटणार ही आवई दरवर्षीचीच, म्हणून फारसं कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी तीनच्या सुमारास बांध गेला. चारनंतर पाणी जॉन्सटाउनला पोचलं. २,२०९ माणसं मेली. क्लबवर दावे झाले, कुणालाही भरपाई मिळाली नाही.

अभियंत्यांच्या चौकशी समितीनं तेव्हा म्हटलं की मूळ उंचीचा बांधही या पावसात टिकला नसता. सव्वाशे वर्षांनी अभ्यासकांनी जागा पुन्हा मोजून हिशेब मांडला, तेव्हा उलटं निघालं. माथा उतरवला नसता तर बांध बहुधा तगला असता.

एक-दोन फुटांनी एवढा फरक कसा पडतो? सांडव्यावरून वाहणारं पाणी त्याच्या थराच्या उंचीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, दीडाव्या घातानं वाढतं. तीन फुटांचा थर जाऊ शकत होता तिथं दोनच फूट जागा ठेवली, तर वाहून नेण्याची ताकद दोन तृतीयांश उरत नाही, जवळजवळ निम्मी होते. दीड फूट ठेवली, तर साधारण एक तृतीयांश.

दीड फूट

हे गणित मला १९८० च्या दशकापासून येत होतं. तरीही मी पुढची गोष्ट केली.

आमच्या वसाहतीलगत एक जुना कुंटा आहे. नाव मुद्दाम देत नाही. कट्टा चौदा-पंधरा फूट उंच, एका टोकाला दगडी मत्तडी, माथ्यापासून तीन फूट खाली. खालची शेतं केव्हाच प्लॉट झाली होती, तूमु बुजला होता. २०१३ मध्ये रहिवाशांनी तलाव सुशोभित करायचं ठरवलं. कट्ट्यावर फरशा, बाकं, दिवे, पाण्यात पायडलच्या चार बोटी. पोरं खूश झाली. पण फेब्रुवारीत पाणी उतरलं आणि बोटी चिखलात बसल्या. कुणीतरी सुचवलं, मत्तडी थोडी चढवली तर उन्हाळाभर पाणी राहील. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण इंजिनियर मी एकटाच.

मी चहाच्या कपाशेजारी कागदावर आकृती काढून दिली. मत्तडीवर नऊ इंची विटांची भिंत, दीड फूट उंच, सिमेंटचा गिलावा. परवानगीच्या भानगडीत कुणी पडलं नाही, मीही नाही. सात पावसाळे काही झालं नाही. साऊथ फोर्कवर मी त्या काळात आमच्या मंडळात एक भाषणसुद्धा दिलं. जाळ्यांबद्दल बोललो, उतरवलेल्या माथ्याबद्दल बोललो. आपली भिंत डोळ्यांसमोर आली नाही.

१३ ऑक्टोबर २०२० च्या संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता. रात्री अकराला वसाहतीचा राखणदार दार ठोठावत आला. जाऊन पाहिलं तर पाणी कट्ट्याच्या फरशांपासून चार बोटं खाली होतं. मत्तडीच्या भिंतीवर जलपर्णी आणि प्लॅस्टिकचा ढीग अडकलेला. जिथं ट्रॅक्टर चढून चढून कट्टा खचला होता, तिथून पाण्याची एक बारीक धार खाली उतरायला लागली होती.

करायचं काय ते उघड होतं: भिंत फोडायची. पण मत्तडीचा ओढा आता ओढा राहिला नव्हता. त्याच्या काठानं साठेक घरांची वस्ती होती. भिंत एकदम गेली तर दीड फुटांचं पाणी त्या घरांत जाणार. नाही फोडली आणि कट्टा गेला तर सगळंच जाणार. दोन पोरांना आधी वस्तीत पाठवलं. तिथल्या मशिदीच्या भोंग्यावरून लोकांना उठवलं, बायका-मुलांना शाळेच्या इमारतीत हलवलं. मग आम्ही चौघांनी पहारी घेतल्या आणि एका कडेनं, एकेक हात, भिंत तोडत गेलो. पाऊण तास लागला. पहाटेपर्यंत तलावाचं पाणी वीतभर उतरलं, कट्टा राहिला. खाली घरांत गुडघाभर पाणी भरलं. माणसं वाचली. धान्य, गाद्या, पोरांची पुस्तकं गेली.

सकाळी मी तिथं गेलो. एक बाई दारात गोधडी पिळत होती. तिनं विचारलं, “साब, वो दीवार कौन बांधे थे?” मी म्हटलं, “मैंने.” तिनं मान वर करून एकदा बघितलं आणि गोधडीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी ती पिळली. दुसरं काही बोलणं झालं नाही.

त्याच दिवसांत पल्ले चेरुवु, अप्पा चेरुवु, गुर्रम चेरुवु यांचे कट्टे फुटले आणि शहरात माणसं वाहून गेली. त्या बातम्या मी वाचू शकत नव्हतो. आमच्यात आणि त्यांच्यात फरक चार बोटांचा होता.

बांध बघावा कसा

आपल्याकडे २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आला, ही चांगली गोष्ट. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. आपले कट्टे त्याच्या बाहेरच राहतात. हैदराबादेत दहा हेक्टरांहून मोठ्या तलावाभोवती ३० मीटर आणि लहान तलावाभोवती ९ मीटर जागा मोकळी सोडायचा नियम आहे. तो पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेपासून मोजतात. मत्तडीखालच्या ओढ्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि माणसं राहतात ती तिथं.

म्हणून वारसा-फेरीला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. तलावावर गेलात की आधी मत्तडी शोधा. ती उघडी आहे का, तिच्यावर कुणी भिंत, जाळी, फळ्या, मातीची पोती चढवली आहेत का, ते बघा. तिच्या खालच्या ओढ्यानं शंभर पावलं चालत जा. कट्ट्याचा माथा एका रेषेत आहे की कुठं खचलाय, ते बघा. खालच्या पायथ्याशी ओल असेल तर पाणी स्वच्छ आहे की गढूळ, ते बघा. कट्ट्यावर मोठी झाडं असतील तर तीही टिपून ठेवा, कारण झाड वाळलं की मुळांच्या जागी पोकळ वाटा राहतात. हे सगळं अर्ध्या तासात होतं आणि त्याला इंजिनियर लागत नाही.

आमच्या कुंट्यावरची भिंत पुन्हा बांधलेली नाही. बोटी उन्हाळ्यात चिखलात बसतात. नव्या रहिवाशांपैकी कुणीतरी दरवर्षी विचारतं, मत्तडी थोडी चढवायला काय हरकत आहे? मी त्यांना घेऊन खालच्या वस्तीपर्यंत चालत जातो.

वाचकांपैकी कुणाच्या घरी तुग्यानीच्या आठवणी, पत्रं, जमाखर्चाच्या वह्या असतील, किंवा आपापल्या गावच्या तलावाच्या सांडव्याचं जुनं नाव कुणाला ठाऊक असेल, तर मंडळाला जरूर कळवा. तलावांची नावं पुष्कळ जमली आहेत. मत्तड्यांची अजून फार थोडी.